नॉझल साफ केलं, पण टाकीचं काय?

नाशिकमध्ये मायको सर्कल माहीत नाही असा रिक्षावाला शोधून सापडणार नाही. पण मायको म्हणजे काय, असं विचारलंत तर बरेच जण गप्प होतात. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. १९५१ साली बंगलोरला सुरू झालेली. सातपूरला तिचा कारखाना आला आणि २००८ मध्ये तिचं नाव बॉश लिमिटेड झालं. चौकाला मात्र अजून कोणी बॉश सर्कल म्हणत नाही :)

डिझेल इंजिनाचे नॉझल आणि इंजेक्टर ही या कारखान्याची ओळख. म्हणजे हा पार्ट आमच्याच गावात बनतो, आणि तो चोंदला की साफ करणारे मिस्त्रीही आमच्याच गावात, हायवेच्या कडेला बसतात. माझ्यासारख्या कीबोर्ड बडवणाऱ्याला या दुसऱ्या मंडळींनी जास्त शिकवलं.

झालं असं, की मामांचा ट्रक वाशीला कांदा उतरवून परत येताना रिकामा असूनही कसारा घाट चढेना. जुनी सहा सिलिंडरची गाडी, साधा मेकॅनिकल पंप. काळा धूर, मिसिंग, अ‍ॅव्हरेजची बोंब. ऐन सीझनमध्ये ट्रक उभा म्हणजे पिंपळगावचा माल दुसऱ्याच्या गाडीत आणि ड्रायव्हरचा पगार चालूच. सल्ले भरपूर आले. कोणी म्हणे सगळे नॉझल बदला, कोणी म्हणे डिझेलमध्ये औषध टाका.

मिस्त्रीने यातलं काहीच केलं नाही. इंजिन चालू ठेवलं, पाना घेतला आणि एकेका इंजेक्टरचा पाइप-नट जरासा सैल करून कान लावला. चांगल्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिन अडखळतं. तोडूनही आवाज बदलला नाही, तर तो सिलिंडर आधीपासूनच कामचुकार! चौथा आणि सहावा सापडले. दहा मिनिटांत, बिनालॅपटॉपचं डीबगिंग. (हा प्रयोग नव्या कॉमन रेल गाडीवर चुकूनही करू नका. तिथे १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो, फवारा कातडी फोडून आत जातो. जुन्या गाडीवरही हे काम जाणकाराचंच.)

मग साफसफाई. नॉझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन, यावरून अंदाज घ्या. सुई आणि बॉडी एकमेकांवर घासून जुळवलेली असतात, म्हणून एकाची सुई दुसऱ्यात घालायची नाही. कार्बन पितळी ब्रशने काढायचा. धुवायचं स्वच्छ डिझेलमध्ये आणि चिंधीने पुसायचं नाही, कारण एक धागा राहिला तरी सगळं मुसळ केरात. बॉडी तिरकी धरली की सुई स्वतःच्या वजनाने अलगद खाली सरकली पाहिजे.

शेवटी टेस्टर. दांडा दाबला की ठरलेल्या दाबाला, जुन्या गाड्यांत साधारण २०० बारच्या आसपास, 'चर्र' आवाज होऊन धुक्यासारखा फवारा उडायला हवा. धार लागली किंवा टोकाला थेंब जमला तर नापास. चौथं नॉझल पास झालं. सहाव्याची सीट झिजली होती, ते बदललं. तांब्याचे वॉशर नवे घातले, एअर काढली आणि गाडी सुरू झाली. मामांनी पाकिटाला हात घातला.

"शेठ, टाकी कधी धुतली होती?" मिस्त्रीने विचारलं.

मामांना आठवेना. टाकी रिकामी करून पाहिली तर तळाशी पाणी आणि गंजाचा गाळ. "हे असंच ठेवलंत तर परत याल. मला धंदा मिळेल, पण शिव्या पण मलाच पडतील." टाकी उतरवून धुण्यात आणि फिल्टर बदलण्यात आणखी अर्धा दिवस गेला. मामा कुरकुरले, पण थांबले.

मला हेच भावलं. सर्व्हर रिस्टार्ट करून तिकीट क्लोज करणारे आपल्या धंद्यात काय कमी आहेत? नॉझल साफ करणं हा रिस्टार्ट. गाळ कुठून येतोय ते शोधणं, हे खरं काम. आणि त्याने ते स्वतःचं पुढचं गिऱ्हाईक घालवून केलं.

तेही अशा वेळी, जेव्हा गिऱ्हाईक कमीच होतंय. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-सिक्सच्या. त्यांचे इंजेक्टर तपासायला महागडा टेस्ट बेंच लागतो, नुसता कान पुरत नाही. मिस्त्रीचा मुलगा सध्या स्कॅनर शिकतोय. कुठला सिलिंडर नाटकं करतोय ते त्याचा स्कॅनर सांगेल. टाकी कधी धुतली होती, हे मात्र त्याला शेठलाच विचारावं लागेल. तेवढं तो बापाकडून शिकला म्हणजे झालं.