‘नाही’चा पुरावा

मी अनुदानाचे अर्ज लिहिते. अमेरिकेतल्या डोंगराळ खेड्यांत इंटरनेटची फायबर केबल न्यायला सरकारी पैसा मिळावा म्हणून. व्हर्जिनिया राज्याच्या नैऋत्येला, ॲपलेशियन डोंगररांगांत, एका वीज सहकारी संस्थेसाठी आणि तिच्या आजूबाजूच्या काउंट्यांसाठी माझं हे काम चालतं. सुट्टीत घरी आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “अमेरिकेत? तिथे खेड्यात इंटरनेट नाही?” कागदावर आहे, घरात नाही, आणि या दोहोंमधल्या फटीवर माझी रोजीरोटी चालते.

अर्ज लिहिणाऱ्याकडे भाषा हवी, असा सगळ्यांचा समज. काउंटीच्या बैठकीत कुणी ना कुणी सुचवतंच, की ती पार्किंगमध्ये बसून अभ्यास करणारी मुलं आहेत ना, त्यांच्यावर छान लिहा. लिहिते की. ग्रंथालय बंद झाल्यावर बाहेर गाडीत बसून वाय-फायवर गृहपाठ करणारी मुलं खरीच असतात आणि अर्जातल्या ‘गरज’ या भागात त्यांना जागाही असते. पण तशी मुलं प्रत्येक अर्जात असतात. तपासनीस तो भाग भरभर वाचून पुढे जातो. अर्ज जगतो किंवा मरतो तो जोडलेल्या एका तक्त्यावर. त्यात प्रत्येक घराचा क्रमांक, अक्षांश, रेखांश आणि पुढे एकच गोष्ट: इथे सेवा आहे की नाही. ‘आहे’ असेल तर त्या घरासाठी एक डॉलरही मिळत नाही. म्हणजे केबल कशी टाकणार हे सांगण्याआधी तिथे काही नाही हे सिद्ध करावं लागतं. आणि नसलेल्या गोष्टीचा पुरावा आणायचा कुठून?

हा घोळ मुळात नकाशाचा. अमेरिकेचा दूरसंचार आयोग, म्हणजे एफसीसी, बरीच वर्षं कंपन्यांकडून ‘फॉर्म 477’ भरून घ्यायचा. जनगणनेच्या एका ब्लॉकमध्ये एका जरी ठिकाणी कंपनी सेवा देत असली किंवा देऊ शकत असली, तरी तो सगळा ब्लॉक ‘सेवा आहे’ म्हणून रंगवला जायचा. शहरात ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांमधला एक चौकोन, त्यामुळे तिथे फारसं बिघडत नव्हतं. आमच्याकडे एक ब्लॉक म्हणजे दोन डोंगर, मधली घळ, ओढा आणि ओढ्याच्या काठाने विखुरलेली घरं. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाला केबल मिळाली की घळीतली शेवटची म्हातारीसुद्धा वॉशिंग्टनच्या हिशेबात ऑनलाइन. उताऱ्यावर विहिरीची नोंद आहे आणि शिवारात विहीर नाही, हा प्रकार आपल्याला नवा नाही. इथे ती विहीर संगणकावर होती, एवढाच फरक.

मार्च 2020 मध्ये या नकाशासाठी नवा कायदा झाला. ब्लॉक गेला आणि घर हे मोजण्याचं माप झालं. एका खासगी कंपनीकडून देशभरच्या घरा-दुकानांचा एकेक बिंदू काढून घेण्यात आला आणि 18 नोव्हेंबर 2022 ला नवा नकाशा सगळ्यांसाठी खुला झाला. त्यामागोमाग पैशाची मोठी लाट येणार होती. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यातली ‘बीड’ नावाची योजना, 42.45 अब्ज डॉलरची. कोणत्या राज्याला किती, ते मुख्यतः त्या राज्यात ‘सेवा नाही’ असे बिंदू किती यावर ठरणार होतं. डाउनलोडला 25 मेगाबिट आणि अपलोडला 3 एवढाही वेग नसेल तर सेवा नाही. 100 आणि 20 च्या आत असेल तर अपुरी सेवा. वाटपाआधी हिशेबात धरायच्या हरकती 13 जानेवारी 2023 पर्यंत द्यायच्या होत्या. मधे थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि डोंगरात बर्फ. तारीख कुणी ठरवली असेल देव जाणे, पण ज्याच्या घरी नकाशा उघडण्यापुरतं इंटरनेट नाही त्याने ऐन सणात त्याच नकाशावर हरकत घ्यावी, ही अपेक्षा ठेवायलाही धाडस लागतं.

आणि हरकतीचे नियम! लोकांना वाटतं, वेग मोजून दाखवला की काम झालं. केंद्राच्या नकाशापुढे तो आकडा चालत नाही. नकाशा कंपनी काय देऊ करते ते दाखवतो, तुमच्या हाती काय पडतं ते नाही. पुढे राज्यांनी आपापल्या फेऱ्या घेतल्या तेव्हा वेगचाचण्या मान्य करायची मुभा होती, त्याही वेगवेगळ्या तीन दिवशी घेतलेल्या, आणि हरकत सामान्य माणसाने थेट द्यायची नाही. काउंटी, ना-नफा संस्था किंवा दुसरी इंटरनेट कंपनी यांच्यामार्फतच द्यायची. केंद्राकडे ग्राह्य धरली जाणारी कारणं मोजकी. कंपनीने जोडणी नाकारली. मागणी केल्यापासून दहा कामकाजी दिवसांत जोडणीची तारीख दिली नाही. किंवा नेहमीच्या शुल्कापेक्षा जास्त पैसे मागितले. पुरावा लेखी असेल तर उत्तम. कंपनीला उत्तर द्यायला साठ दिवस.

त्यामुळे मी घरोघरी कागद शोधत फिरते. एका घळीच्या टोकाला राहणाऱ्या आजींकडे गेले होते. नवरा कोळशाच्या खाणीत कामाला होता, आता त्या एकट्याच. नकाशावर त्यांच्या घराला केबलची सेवा होती. त्या म्हणाल्या, मी मागितली होती, नाही म्हणाले. कधी? आठवेना. कुणी? फोनवरची मुलगी. असल्या ‘नाही’चा मला काही उपयोग नाही. उठता उठता त्यांनी ओट्याखालचा ड्रॉवर उघडला. बिलं, कूपनं, रबरबँड, आणि त्यांच्या तळाशी कंपनीचं एक पत्र: आपल्या घरापर्यंत लाइन आणण्याच्या बांधकामाचा खर्च ग्राहकाने भरल्यास सेवा देता येईल. पुढे पाच आकडी रक्कम. “मी ते जाळणारच होते,” त्या म्हणाल्या, “माझ्या गाडीची किंमत तेवढी नाही.” कागदावर तारीख होती, पत्ता होता, रक्कम होती. इतका सुंदर नकार माझ्या हाती क्वचितच लागला असेल. मी फोटो काढला, त्यांच्या घराचा लोकेशन क्रमांक जोडला आणि हरकत दिली. कंपनीने वाद न घालता ती मान्य केली.

सगळी घरं इतकी सरळ नसतात. कुठे बिंदू गोठ्यावर पडलेला आणि घर नकाशावरून गायब. म्हणजे गाईंना फायबर मिळू शकतं, मालकाला नाही. कुठे शिकारीच्या हंगामात वर्षाचे चार दिवस उघडणारी खोली घर म्हणून मोजलेली. कुठे एकाच अंगणात तीन फिरती घरं आणि बिंदू एक. हे दुरुस्त करायला उपग्रहाचं छायाचित्र पुरत नाही. झाडीखालचं छप्पर त्यात दिसत नाही. टपाल वाटणाऱ्याला विचारावं लागतं, नाहीतर वीज मीटरची यादी घ्यावी लागते. ही यादी असते वीज सहकारी संस्थेकडे, आणि म्हणून मी तिच्याकडे काम करते.

मी मूळची श्रीरामपूरची. आमच्याकडे विजेचं बिल बोर्डाचं यायचं नाही, मुळा-प्रवरा सोसायटीचं यायचं. ती सोसायटी कुठून उगवली हे मला इथे आल्यावर कळलं. 1930 च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या दहातल्या जेमतेम एका शेतकऱ्याच्या घरी वीज होती. खासगी कंपन्या म्हणायच्या, परवडत नाही. 1935 मध्ये रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, पुढच्या वर्षी कायदा झाला, आणि स्वस्त सरकारी कर्ज घेऊन शेतकऱ्यांनी आपापल्या सहकारी संस्था काढल्या, खांब रोवले. याच संस्थांच्या महासंघाची माणसं 1960 च्या दशकात भारतात सल्ला द्यायला आली. 1969 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ झालं आणि प्रयोग म्हणून पाच वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. मुळा-प्रवरा त्यांतली एक, कर्नाटकातली हुक्केरी दुसरी. मुळा-प्रवराचं वीजवाटप 2011 मध्ये महावितरणकडे गेलं. अमेरिकेतल्या संस्था मात्र टिकल्या आणि आता त्याच खांबांवरून फायबर ओढतायत. गणितही तेच आहे: या संस्थांच्या मैलभर तारेवर सरासरी आठेक ग्राहक. मोठ्या कंपन्यांचं म्हणणंही तेच: परवडत नाही. खांब स्वतःचे असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते दुसऱ्याच्या खांबावर केबल टांगायला परवानगी मागून बघा म्हणजे कळेल. जुना खांब कुजलेला निघाला की नवा कुणाच्या पैशाने, यावर वर्ष-वर्ष पत्रव्यवहार चालतो.

पैशाच्या अटींबद्दल थोडं. समजा प्रकल्प एक कोटी डॉलरचा आहे. ‘बीड’मध्ये साधारणपणे पंचवीस टक्के वाटा अर्जदाराचा, म्हणजे पंचवीस लाख स्वतःचे. उरलेल्या पंचाहत्तर लाखांच्या अनुदानावर मूळ नियमाप्रमाणे पंचवीस टक्क्यांचं बँकेचं हमीपत्र, म्हणजे आणखी पावणेएकोणीस लाख अडकले. ज्या छोट्या संस्थेने हे काम करावं म्हणून योजना आखली, तिलाच दारात अडवणारी ही अट. 2023 च्या अखेरीस ती सैल झाली आणि हमीपत्राऐवजी बाँड वगैरे पर्याय मिळाले, पण तोवर आमच्या ओळखीतल्या काहींनी अर्जाचा नाद सोडला होता. त्यातच ग्राहकसंख्येचा अंदाज मांडायचा. गरीब घरांना बिलात महिना तीस डॉलरची सूट देणारी योजना होती, सव्वादोन कोटींहून जास्त कुटुंबं तिच्यात होती. पैसे संपले आणि 1 जून 2024 ला ती बंद झाली. आमच्या अर्जातले उत्पन्नाचे सगळे आकडे त्या सुटीच्या भरवशावर होते. नव्याने मांडावे लागले.

अटी कडक का झाल्या, त्यालाही कारण आहे. 2020 च्या अखेरीस एफसीसीने उलटा लिलाव घेतला: जो सगळ्यात कमी अनुदानात काम करेल त्याला प्रदेश. बावन्न लाख ठिकाणांसाठी दहा वर्षांत 9.2 अब्ज डॉलर द्यायचं ठरलं. सगळ्यात मोठी बोली जिंकणाऱ्या एलटीडी ब्रॉडबँडचा 1.3 अब्जांचा आणि स्टारलिंकचा 88.5 कोटींचा दावा 2022 मध्ये एफसीसीने फेटाळला. इतर अनेकांनी स्वतःहून प्रदेश परत केले. बाहेरच्यांना हे केवळ पैसे वाचल्यासारखं वाटतं. पण बोली लागलेला प्रदेश बाकीच्या बहुतेक योजनांना बंद असतो. आमच्या शेजारच्या काउंटीतला एक पट्टा असाच एका कंपनीच्या नावावर अडकून पडला. तिने खांब रोवला नाही, आणि कुणाला रोवू दिला नाही. अर्जात आम्ही त्या घरांना हात लावू शकत नव्हतो.

मग आला जून 2025. ‘बीड’मध्ये फायबरला असलेलं झुकतं माप काढून टाकण्यात आलं. तोवर केलेल्या निवडी रद्द झाल्या, राज्यांना नवी फेरी घ्यायला नव्वद दिवस मिळाले आणि मुख्य कसोटी ठरली सगळ्यात कमी खर्च. आमच्या कार्यालयात यावर सरसकट शिव्या पडल्या. माझं मत जरा निराळं आहे. घळीच्या टोकाला एका घरासाठी खडक फोडून केबल नेण्यापेक्षा छतावर उपग्रहाची तबकडी बसवली तर मला त्यात अन्याय दिसत नाही. पण कमी खर्च म्हणजे आजचा खर्च. खांबावरची काच चाळीस वर्षं तिथेच राहते, वेग वाढवायला टोकांवरची यंत्रं बदलली की झालं. उपग्रह काही वर्षांत खाली येतो, दुसरा सोडावा लागतो, आणि महिन्याचं बिल ग्राहकाच्या माथी. तक्त्यात या फरकासाठी रकानाच नव्हता. आम्ही नवी फेरीही भरली. काही घरं आमच्याकडे राहिली, काही उपग्रहाकडे गेली.

गावाकडून एका नात्यातल्या सरपंचांनी मध्यंतरी विचारलं, “ताई, आमच्या ग्रामपंचायतीचा असा अर्ज कुठे करायचा?” भारतात तसा अर्ज नाही. पैसा फोन कंपन्यांच्या उत्पन्नातून येतो. तो पूर्वी यूएसओ फंडात जायचा, 2023 च्या दूरसंचार कायद्यानंतर डिजिटल भारत निधीत. पण गाव अर्जदार नसतं. 2011 मध्ये मंजूर झालेलं, 2015 पासून भारतनेट म्हणून ओळखलं जाणारं जाळं वरून खाली येतं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम ‘महानेट’ नावाने महाआयटीकडे आलं. केबल पोचली आणि पेटी लागली की ग्रामपंचायत ‘सेवेसाठी सज्ज’ म्हणून मोजली जाते. पेटीचा दिवा लागतो का, हा वेगळा प्रश्न. सरपंचांच्या कार्यालयात तो लागत नव्हता. पेटीवर ग्रामपंचायतीच्या पावती पुस्तकांचा गठ्ठा ठेवला होता, हे त्यांनीच सांगितलं.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. त्यात दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद आहे आणि ग्रामपंचायतीचं ठाणं नसलेल्या सुमारे 3.8 लाख गावांना मागणी आल्यास फायबर देण्याचीही. मागणी आल्यास, हे शब्द तिथे आहेत. तेव्हा वाडीची मागणी ग्रामसभेच्या ठरावात घ्या, ठराव क्रमांक टाका, पोच घ्या. आणि पेटी बंद असल्याची तक्रार फोनवर करून सोडून देऊ नका. तक्रार क्रमांक, तारीख, कोण बोललं, काय म्हणालं, सगळं नोंदवहीत लिहा. कुणी लेखी नकार दिला तर तो आधी जपून ठेवा. सरपंच म्हणाले, “लेखी नकार कोण देतो हो आपल्याकडे?” मग तोंडी नकार ऐकून आल्यावर त्याच दिवशी तुम्हीच लिहून पाठवा, मी म्हटलं: अमुक तारखेला आपण असं असं सांगितलंत, चूक असल्यास कळवावे. पंधरा दिवस उत्तर आलं नाही तर त्याची प्रत पुढच्या ठरावाला जोडा.