कोरडं अंग

"तुला घामच येत नाही? नशीबवान आहेस!" गेली दोन वर्षं हे ऐकतेय. पुण्याच्या उन्हात दोन जिने चढले की अंग तापतं, डोकं गरगरतं आणि कपाळ मात्र कोरडं ठणठणीत. प्रोसेसर तापलाय, पंखा बंद.

तपासणीत अंगाला आयोडीन लावून वर स्टार्चची पूड भुरभुरली. घामाने ती निळी-काळी होते. माझी काखेत तेवढी झाली. पाठ पिवळटच राहिली. डोळ्यांत वाळू का खुपते, पाण्याशिवाय पोळी का उतरत नाही, तेही मग रक्ताच्या तपासणीत उलगडलं. श्योग्रेन सिंड्रोम. हेन्रिक श्योग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली त्यावर प्रबंध लिहिला होता. यात आपल्याच पांढऱ्या पेशी अश्रूंच्या, लाळेच्या ग्रंथींवर चालून जातात; क्वचित घामाच्या ग्रंथी आणि त्यांना हुकूम देणाऱ्या नसाही सुटत नाहीत.

आता बॅगेत लॅपटॉपशेजारी पाण्याचा स्प्रे असतो. हातांवर, मानेवर मारायचा आणि पंख्याखाली उभं राहायचं. उसना घाम! वाळताना खरंच गार वाटतं.

मामेभावाचं लग्न मे महिन्यात आहे, चंद्रपूरला, भर दुपारी. आईला अजून हो म्हटलेलं नाही.