बेण्याचं फळ

अलिबाग

चि. छकुलीस,


तुझं पत्र मिळालं. नाशिकच्या नव्या घरामागे चार वाफे होतील एवढी जागा आहे हे वाचून फार बरं वाटलं. मृगाला काय लावू आणि पाकिटं कोणती आणू, असं विचारलंयस. ते सांगतेच, पण त्याआधी माझं एक मागणं आहे. जे लावशील, त्यातल्या एका तरी भाजीचं बी यंदा घरी धर. भाजी ताटात आली की परसबागेचं निम्मंच काम झालं. पुढच्या मृगाला घरचंच बी मातीत पडलं की ते पुरं झालं, असं मी मानते.

आता लावणीचं. पाऊस सुरू झाला की शिराळं, काकडी, दुधी, कारलं, लाल भोपळा हे वेल लाव. आळं खणून कुजलेलं शेणखत घाल आणि मांडवाची सोय आधीच करून ठेव. कारल्याचं बी टणक सालीचं असतं, ते रात्रभर भिजत घाल. बी जेवढं जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल पुरायचं, त्याहून खाली नाही. माठाचं बी राईहून बारीक. ते कोरड्या मातीत मिसळून फेक, म्हणजे एकाच जागी दाटी होणार नाही. धने रगडून दोन फाकी करून पेर. वांगी, मिरची, टोमॅटो यांची आधी रोपं करायची, तीही उंच गादीवाफ्यावर. पाणी साचलं की कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. मेथी, मुळा, गाजर यांना थंडी मानवते आणि तुमच्याकडे ती चांगली पडते.

पाकिटं आणशील तेव्हा त्यावरचा मजकूर वाच. ‘संकरित’ किंवा ‘एफ १’ असं असेल तर पीक जोमदार येईल, फळं एकसारखी येतील. पण त्या फळांचं बी धरून उपयोग नाही. दोन निवडक वाणांचा मुद्दाम संकर केलेला असतो. त्याची पहिली पिढी एका मापाची असते, दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. एक झाड असं तर दुसरं तसं. म्हणून बी धरायचं तर गावठी किंवा सुधारित सरळ वाणाचंच घे. आणि गुलाबी-निळा रंग दिलेलं बी बुरशीनाशक चोळलेलं असतं. पेरल्यावर हात साबणाने धू, मुलांच्या हाती ते देऊ नकोस.

पहिल्याच वर्षी अवघड वाटेला जाऊ नकोस. घेवडा, वाल, टोमॅटो ही गुणी पिकं. त्यांच्या फुलात परागीभवन बहुतेक आतल्या आतच होतं, त्यामुळे जातीत भेसळ फारशी होत नाही. वांगी आणि मिरचीत मधमाश्या थोडी सरमिसळ करतात. तिथे एकच वाण लावलेलं बरं. वेलांचं मात्र वेगळं. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आणि शेजारच्या मांडवावरचा परागही येऊन बसतो. दुधीचा काकडीशी संकर होत नाही, पण एका दुधीचा दुसऱ्या जातीच्या दुधीशी होतो.

लाल भोपळ्याचं बी शुद्ध हवं असेल तर एक सोपी रीत आहे. संध्याकाळी वेलावर उद्या उमलणाऱ्या, पिवळ्या पडू लागलेल्या कळ्या शोध. मागे इवलासा भोपळा असेल ती मादी, नुसता लांब देठ असेल तो नर. दोन्हींची टोकं दोऱ्याने हलकेच बांध. सकाळी लवकर नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढ, पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर अलगद फिरव आणि मादी फूल पुन्हा बांधून टाक. देठाला खुणेची चिंधी बांध. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे त्याचं हे काम तिन्हीसांजेला करायचं. आणि दुधी कडू निघाला तर तो खायचा नाही, त्याचं बीही ठेवायचं नाही; तो कडवटपणा विषारी असतो.

आता खरी गोष्ट. बेण्याला कोणतं फळ ठेवायचं? चांगली चांगली खाऊन हंगामाच्या शेवटी उरलेलं, किडकं, वाकडं फळ बेण्याला सोडायची सवय पुष्कळांना असते. आपण जे राखतो तेच पुढच्या वर्षी उगवतं. म्हणून आधी वेल निवड: ज्याला कीड कमी, जो पावसात तग धरून राहिला, ज्याची भाजी चवीला सरस लागली. मग त्यावरचं भर बहरातलं सुडौल फळ राख. ते तोडायचा मोह होतो, घरातलेही विचारतात, एवढं छान शिराळं वाया का घालवतेस म्हणून. ते वाया जात नाही. ते वेलावरच जून होतं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तपकिरी होतं, वजनाला हलकं होतं. हलवलं की आत बिया खुळखुळतात. टोकाचं बारीकसं झाकण निघतं आणि जाळीतून काळ्या कुळकुळीत बिया हातावर ओघळतात. एका फळात तुझा मांडव भरून चार घरी वाटण्याइतकं बी असतं.

टोमॅटोचं बी बुळबुळीत आवरणात असतं आणि ते आवरण त्याला रुजू देत नाही. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर पेल्यात काढून दोन-तीन दिवस झाकून ठेव. वर पांढरट साय धरेल, आंबूस वास येईल, घाबरू नकोस. मग पाणी घालून ढवळ. पोकळ बी वर तरंगेल, भरीव तळाशी बसेल. तळाचं धुऊन ताटलीत पसर. कागदावर घालू नकोस, चिकटून बसतं.

बी नेहमी सावलीत, वाऱ्यावर वाळवायचं. वाळल्यावर चुलीची कोरडी राख मिसळून घट्ट झाकणाच्या बाटलीत भर, नाव आणि साल लिही. ओल आणि उष्णता हे बियांचे वैरी. कांद्याचं बी वर्षभरातच कमजोर होतं, टोमॅटो, काकडीचं नीट ठेवलं तर तीन-चार वर्षं टिकतं. शंका आली तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. सहा-सातही रुजल्या नाहीत तर दाट पेर.

फळझाडांत बियांवर किती भरवसा ठेवायचा ते झाडावर आहे. कागदी लिंबाच्या एकाच बीमधून अनेकदा दोन-तीन रोपं उगवतात आणि त्यांतली बरीचशी आईच्याच गुणाची असतात. ते बिनधास्त बियांपासून लाव. पपईचं झाड नर निघेल की मादी हे फुलावर येईपर्यंत कळत नाही, म्हणून एका जागी तीन-चार रोपं लावून नंतर विरळणी कर. हापूसची कोय लावलीस तर हापूस येणार नाही, त्याला कलमच हवं. पण कोय लावायचीच तर ताजी लाव, आंब्या-फणसाची बी वाळवून ठेवता येत नाही. पेरूही बियांपासून आईसारखा येईलच असं नाही. तरी सरदार पेरू आला तो अशाच रोपांतून. पुण्याच्या गणेशखिंडीत १९२७ मध्ये डॉ. चीमा यांनी अलाहाबाद सफेदाच्या बियांच्या रोपांतून तो निवडला.

निवडणारी नजर हीच इथली खरी विद्या, आणि ती कुणालाही साधते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. पण घरात गावठी वाणांची बियाणे बँक उभी करून त्यांनी ती बियाणी गावोगावच्या बायकांच्या हाती दिली. २०२० सालची पद्मश्री त्यांना जाहीर झाली. आपल्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानेही बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, वाटण्याचा हक्क शेतकऱ्याकडे ठेवला आहे. पण हक्क कागदावर राहून वाण जगत नाही. ज्या वर्षी कुणीच बी धरत नाही, त्या वर्षी तो वाण संपतो, आणि मग कितीही पैसे मोजले तरी बाजारात मिळत नाही. आपल्या आजी-पणजींनी दर पावसाळ्यात एकेक फळ न खाता राखलं, म्हणून आपल्या तोंडी त्यांच्या घरची चव आहे.

सोबत पुड्या पाठवते आहे. शिराळं, काकडी, लाल माठ आणि आपले कडवे वाल. वाल आत्ता पेरू नकोस. आमच्याकडे भात कापल्यावर जमिनीतल्या ओलीवरच होतात, तू दिवाळीच्या सुमारास पेर. या बियांचे पैसे नकोत, पण परतफेड हवी. पुढच्या मृगाआधी यातल्या एकाचं तरी तुझ्या वाफ्यात धरलेलं बी मला पाठव, आणि तेवढंच तिथल्या शेजारणीला दे. माझ्याकडचं एखाद्या वर्षी पावसाने गेलं तर मी तुझ्याकडेच मागणार आहे.

सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मावशी