पौड रस्त्यापासून रविवार पेठेपर्यंत

पुण्यात कोणी अंतर विचारले, तर उत्तर किलोमीटरमध्ये मिळत नाही, मिनिटांत मिळते. तेही वाहन कोणते यावर अवलंबून असते. कोथरूडहून रविवार पेठ फार तर सहा-सात किलोमीटर. दुचाकीला अर्धा तास, मोटारीला पाऊण तास अधिक जागा शोधण्याचा वेळ. बसला किती, ते बस आल्यावर कळते. आमच्या घराला या मार्गाचा परिचय चाळीस वर्षांचा आहे, कारण माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे अण्णांचे, कागदाचे घाऊक दुकान रविवार पेठेत आहे आणि घर पौड रस्त्यालगत.

हे अंतर मुळात निर्माण कसे झाले, हे जुन्या पुणेकरांना ठाऊक आहे. दुकानावरच्या माडीत राहायचे आणि जिना उतरला की व्यापार सुरू, अशी पेठांची रीत होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या आणि त्यानंतर शहर नदीपलीकडे झपाट्याने पसरू लागले. माणसे कोथरूडला गेली, व्यवसाय पेठेत राहिले. मधले अंतर प्रथम सायकलींनी भरून काढले. पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई ते उगीच नव्हे. मग १९७२ साल आले. त्या वर्षी आकुर्डीच्या बजाजची चेतक आली आणि फिरोदिया घराण्याच्या कायनेटिकची लूनाही आली. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. लूना मात्र अवघ्या ५० सीसीची, प्रसंगी पायडल मारूनही घरी नेता येणारी. लहान दुकानदार, शिक्षिका, कारकून अशा कितीतरी जणांचे ते पहिले यंत्रवाहन ठरले. अण्णांचेही तेच. पुढे स्कूटर आली, स्कूटरी बदलत गेल्या, पण दुचाकी सुटली नाही.

ती सुटू नये, असेच या शहराचे रूप आहे. डेक्कनकडून नारायण पेठेत जाणारा झेड ब्रिज केवळ दुचाकींसाठी आहे. वाहनांच्या एका जातीसाठी अख्खा पूल राखून ठेवणारी शहरे फार नसतील. त्याच्या जवळच नदीपात्रातला भिडे पूल. खडकवासल्यातून पाणी सोडले की तो बुडतो, आणि तो बुडाला की निम्म्या शहराच्या वाटा बदलतात. पुलापलीकडे केळकर रस्ता, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची गर्दी, आणि मग रविवार पेठेतल्या त्या गल्ल्या, जिथे हातगाडी, टेम्पो आणि गिऱ्हाईक एकाच वेळी एकाच जागेवर हक्क सांगतात. तिथे दुचाकीच शिरते. अण्णांना कोणता चौक किती वाजता तुंबतो हे तोंडपाठ. सकाळी दहाला निघून साडेदहाला कुलूप उघडणे हा त्यांचा नेम होता आणि त्या नेमाचा त्यांना अभिमान होता.

गेल्या पावसाळ्यात पहिल्याच सरीला त्यांची स्कूटर घसरली. डोक्यावर हेल्मेट होते, म्हणून मनगटावर निभावले. वय त्र्याहत्तर. डॉक्टरांनी सहा आठवडे प्लॅस्टर सांगितले आणि घरात जो विषय कोणी काढत नव्हते तो निघाला.

इथे एक आकडा सांगणे भाग आहे. २०२२ साली देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. ज्या शहरात २०१९ च्या आरंभी हेल्मेटची सक्ती काटेकोर होताच तिच्याविरुद्ध आंदोलने झाली, त्या शहरात हा आकडा मोठ्याने वाचला पाहिजे. दुचाकी वेळ वाचवते हे खरे. पण त्या वेळेची तारण वस्तू चालवणाऱ्याचे शरीर असते, आणि वयानुसार त्या तारणाची किंमत वाढत जाते. मी स्वतः रोज शिवाजीनगरला स्कूटरनेच जाते, त्यामुळे हे दूरवरून लिहीत नाही.

मग पर्याय पाहणे आले. मोटारीचा प्रयोग चार दिवसांत संपला. माझे यजमान अण्णांना सोडत, पण पेठेत थांबायला जागा नाही, सम-विषम तारखांच्या पाट्या वाचून गाडी लावावी तर तिथे आधीच कोणी उभे. मंडईजवळच्या वाहनतळावर मोटार ठेवून पेठेपर्यंत चालायचे, तर मोटार आणायचीच कशाला? अण्णा म्हणाले, "एवढ्या मोठ्या गाडीत एकटा बसून मी लोकांची वाट अडवतो, हे बरे दिसत नाही." दुकानाच्या दारात एका मोटारीच्या जागेत पाच दुचाकी राहतात, हा हिशेब त्यांनी वर ऐकवला.

बसविषयी मला अधिक आशा होती. दोन्ही महापालिकांच्या परिवहन सेवा २००७ मध्ये एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली. तिचे जाळे मोठे आहे, भाडे परवडणारे आहे, आणि बसमध्ये चढलेल्या साठ माणसांनी साठ स्कूटरींची जागा मोकळी केलेली असते. परंतु बसला तिची स्वतंत्र वाट नाही. ज्या कोंडीतून दुचाकी वाकडीतिकडी निसटते, त्याच कोंडीत बस अडकते, म्हणजे शिस्तीने जाणाऱ्याला शिक्षा. अण्णांची तक्रार गर्दीची नव्हती. तरुण मुले उठून जागा देत. "बसमध्ये माझी वेळ माझी राहत नाही," एवढेच ते म्हणाले.

शेवटी मेट्रो. वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला, तेव्हा आमच्या घरी तिचे कौतुक 'एकदा बसून बघण्यासारखी' इतकेच होते. ती पेठेकडे जातच नव्हती. स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग २९ सप्टेंबर २०२४ ला खुला झाला आणि चित्र पालटले. आता वनाजहून बसायचे. नळस्टॉपला खाली उड्डाणपूल आणि त्याच्यावर आपण, असे दुमजली दृश्य दिसते. ज्या रस्त्यावर आयुष्य गेले त्याच्याकडे वरून पाहताना अण्णा काही क्षण गप्प झाले. मग डेक्कन, नदी, महापालिका आणि जिल्हा न्यायालय. तिथे उतरून सरकत्या जिन्यांनी खाली, आणखी खाली जायचे. जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल असलेल्या या स्थानकात पोहोचेपर्यंत आपण पुण्यात आहोत हे विसरायला होते. पुढचेच स्थानक कसबा पेठ. ज्या वाड्यांच्या नि देवळांच्या खालून गाडी धडधडत जाते, त्यांच्यावरून वाहन न्यायचे तर निम्मा दिवस जाईल.

वर आलो की फडके हौद. दुकान पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. आणि सगळी परीक्षा याच पाच-सात मिनिटांत आहे. पदपथ आहे तिथे दुचाकी उभ्या आहेत. नाही तिथे कडेने चालावे, तर मागून हॉर्न. एक हातगाडी वळली की म्हाताऱ्या माणसाने भिंतीला चिकटून उभे राहायचे. त्याच २०२२ च्या आकड्यांत सुमारे १९ टक्के मृत पादचारी होते, हे अशा गल्लीत उभे राहिले की पटते. हजारो कोटींची मेट्रो माणसाला पेठेच्या तोंडाशी आणून सोडते, आणि तिथून पुढे त्याने कसे चालावे याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. चालण्याची वाट नीट झाली, तर कितीतरी घरांतली एकेक स्कूटर आपोआप थांबेल, असे माझे स्पष्ट मत आहे. ती होत नाही तोवर लोकांना दुचाकी सोडा म्हणणे हा केवळ उपदेश.

प्लॅस्टर निघून आता बरेच महिने झाले. अण्णा सकाळी मेट्रोनेच जातात, साडेनऊला निघतात आणि दुकान अजूनही साडेदहालाच उघडते. फडके हौदापासून त्यांनी आपली वाट ठरवली आहे. ती थोडी लांबची आहे, पण त्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. दुकानातला मुलगा पहिले आठ दिवस स्थानकावर घ्यायला येई, मग त्यांनी त्याला नको म्हटले. संध्याकाळी मात्र गर्दीत जिन्यांवर धक्के बसतात, म्हणून सात वाजण्याआधीच निघतात आणि उरलेला तासभर यजमान दुकान पाहतात. स्कूटर विकलेली नाही. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना ते तिला पौड फाट्यापर्यंत नेऊन आणतात, हेल्मेट घालून, आणि आम्ही कोणी काही बोलत नाही.