गावकऱ्यांनी विकत घेतलेलं चर्च

ती. आत्यास,


ट्यूक्सबरीचं ॲबी चर्च पाहिलं की सविस्तर लिहीन, असं तुला कबूल केलं होतं. सेव्हर्न आणि एव्हन नद्यांच्या संगमाजवळचं हे इंग्लंडमधलं गाव. बेनेडिक्टाइन साधूंच्या मठासाठी बांधलेल्या या चर्चची प्रतिष्ठापना ११२१ साली झाली. आत शिरताच दोन्ही बाजूंना तीस फुटी गोल खांब. नक्षी नाही, तरी माणूस आपोआप हळू चालू लागतो.

१४७१च्या मे महिन्यात गावाबाहेर लँकेस्टर आणि यॉर्क या राजघराण्यांची लढाई झाली. हरलेले लँकेस्टरवाले इथे आश्रयाला आले. दोनच दिवसांत त्यांच्या म्होरक्यांची डोकी उडवली गेली. त्यांचा सतरा वर्षांचा राजपुत्र एडवर्ड इथेच पुरलेला आहे, आणि वर छतावर यॉर्कचं चिन्ह असलेले सोनेरी सूर्य! मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

पण तुला मुद्दाम सांगायचंय ते पुढचं. आठव्या हेन्री राजाने देशभरातले मठ बंद केले. छपरावरचं शिसं उतरवून वितळवायचे, उरलेलं काम पाऊस करायचा. १५४० साली इथल्या मठावरही पाळी आली. तेव्हा गावकरी पुढे आले; पिढ्यान्‌पिढ्या त्यांची प्रार्थना इथेच होत होती. राजाने शिसं आणि घंटा यांचा भाव धरून ४५३ पौंड मागितले. त्या खांबांची किंमत त्याच्या लेखी काहीच नव्हती. गावाने पैसे भरले, चर्च राहिलं.

पुढे १८७७ साली इथल्या नूतनीकरणाचा बेत ऐकून कलावंत विल्यम मॉरिसने एका साप्ताहिकात कळवळून पत्र लिहिलं. काम काही थांबलं नाही, पण त्याच वर्षी त्याच्या पुढाकाराने जुन्या इमारती जपणारी संस्था उभी राहिली. वेळच्या वेळी डागडुजी करा, जुनं खरवडून नवं करू नका, हा तिचा आग्रह.

आत्या, आपल्या देवळाला ऑइलपेंट लावायचं आणि गाभाऱ्यात फरशी बसवायचं चाललंय, असं आई म्हणाली. मंडळींची भक्ती खरी आहे, मला ठाऊक आहे. तरी बैठकीत तू बोलच. आधी गळती काढा, शिखरावरचा पिंपळ मुळासकट काढा, सांधे चुन्याने भरा. सिमेंटने दगडात ओल कोंडते. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळाला, तर त्याची मजुरी माझ्या वर्गणीतून द्या. रक्कम कळव, लगेच पाठवते.

तुझी,
सुमा