दहा अक्षरांचा भाव

आमच्या नंदुरबारच्या कापडदुकानात वडील प्रत्येक मालाला जी चिठ्ठी टाचीत, तिच्यावर अंक नसत, दोन-तीन अक्षरे असत. एकही वर्ण पुन्हा येणार नाही अशी दहा अक्षरे जुळवून त्यांतून एकपासून शून्यापर्यंतचे अंक ओळखायचे, ही व्यापाऱ्यांची पिढीजात वहिवाट, आणि तीतून कळे ती केवळ खरेदीची किंमत. विक्रीची किंमत गिऱ्हाईकाच्या मुद्रेवरून ठरे. होळीपूर्वी भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत सातपुड्यातील धडगावाकडून उतरलेल्या पावरा आदिवासी बायका लुगड्याचा पदर बोटांत चोळून पाहत, आणि वडील एकदा चिठ्ठीकडे व एकदा त्यांच्या गळ्यातील चांदीकडे दृष्टी टाकून भाव सांगत. मला त्यात हुशारीखेरीज काही दिसत नसे.

मामा परळच्या गिरणीत कारकून होते. एका सुटीत सुरतेस गाडी बदलून मी त्यांच्या नायगावच्या बिऱ्हाडी गेलो, तो मामीने मला 'अपना बाजार'मध्ये नेले. त्या वस्तीतील कामगारांनी १९४८ मध्ये शिधावाटपाच्या दुकानापासून उभारलेल्या सहकारी संस्थेने १९६८ साली हे विविध मालाचे भांडार थाटले होते. त्याआधी दोन वर्षे, रुपयाच्या अवमूल्यनाच्या साली, दिल्लीत सुपर बाजार निघाला होता. पॅरिसच्या बाँ मार्शे या दुकानाने एकोणिसाव्या शतकात रूढ केलेली एकभावाची रीत अशी गिरणगावात पोचली होती, हे मला पुष्कळ पुढे कळले. त्या दिवशी दिसली ती तूरडाळीची पिशवी: वर चिकटविलेला कागदाचा चतकोर, त्यावर वजन, त्याखाली निळ्या शाईत पैसे. मामीने तो वाचला, पिशवी उचलली, मोजून पैसे दिले. तिच्या तोंडाकडे कोणी पाहिलेदेखील नाही.

घरी येऊन मी हे सांगितले, तेव्हा वडील म्हणाले, "भाव लिहून टाकल्यावर गिऱ्हाईकाशी बोलायचं काय?" प्रश्न अगदीच पोकळ नव्हता, १९८२ च्या गिरणी संपात मामीचे घर काही महिने कोपऱ्यावरच्या वाण्याच्या खात्यावरच चालले. १९७७ च्या नियमांनी बंद पाकिटांवर किंमत छापणे सक्तीचे केले, परंतु आमच्या सुट्या कापडाला त्याचा उपसर्ग नव्हता, म्हणून अक्षरे टिकली.

नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा झाला त्या १९९८ साली दुकान आवरताना एका जुन्या रोजकीर्दीत टाचणीसह लुगड्याची एक चिठ्ठी सापडली. अक्षरे मला अजून लागत होती: अठरा रुपये. त्याच पानावर त्याच जातीच्या दोन लुगड्यांच्या नोंदी होत्या. पहिली मास्तरांच्या नावे, एकवीस रुपये. दुसरीपुढे नाव नव्हते, नुसते 'धडगाव', आणि एकतीस रुपये रोख.