बाळाचे नाव कोणत्या गोष्टीतले?

आपल्या वस्त्यांमध्ये नामकरणाच्या कार्यक्रमाला गेले की हल्ली एक नवा प्रश्न कानावर येतो. पूर्वी लोक विचारत, "नाव काय ठेवलं?" आता नाव ऐकून झाल्यावर विचारतात, "हे कशातलं?" जालना शहर असो की बदनापूर-अंबडकडचे खेडे असो, पाळण्यातले नाव पुष्कळदा मोबाइलमधून उतरलेले असते. कुणाची मुलगी कार्टूनमधल्या बर्फाच्या राणीवरून एल्सा होते, तर कुणी 'बाहुबली' पाहून मुलीला देवसेना म्हणते. त्रिसरण-पंचशील झाले, बौद्धाचार्यांनी नाव पुकारले, खीर वाटली गेली, आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना विचारतात, "काय म्हणले गं?"

आम्हांला यात हसण्यासारखे फारसे वाटत नाही. १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागायची तेव्हा साऱ्या गल्लीत एखाद्याच घरी टीव्ही असे आणि तिथे दारापर्यंत माणसे बसत. १९९७ मध्ये 'शक्तिमान' आला, तेव्हा आमच्या शेजारच्या पोराला सगळे शक्ती म्हणू लागले. तो आज दोन लेकरांचा बाप आहे आणि अजून शक्तीच आहे. राजा-राणी, तिलिस्म, उडणारे माणूस यांची ओढ गरिबाच्या घराला नेहमीच असते. परदेशातही तेच आहे. 'पीटर पॅन' हे नाटक १९०४ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले आणि त्यातल्या वेंडीचे नाव घरोघरी गेले.

पण आपल्या समाजात नावाचा प्रश्न हौसेवर सुटत नाही, कारण आपल्याला नाव निवडण्याचा अधिकारच मुळी उशिरा मिळाला. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगून ठेवले आहे की ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलवान, वैश्याचे धनाचे, आणि शूद्राचे निंद्य. जी पोथी बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली, तीच ही. आमच्या आजोबांच्या पिढीत कचरू, दगडू, धोंडू, उकंडा अशी नावे होती. आता खरे सांगायचे तर दगडू-धोंडू इतर जातींतही सापडत. आधीची मुले दगावली म्हणून, वाईट नजर लागू नये म्हणून ठेवलेली. फरक हाक मारण्यात होता. दुसऱ्याचा धोंडू पुढे धोंडोपंत होई, आमचा धोंड्याच राही. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला दहा वर्षांचे पोरगे गावच्या चावडीवर 'ए धोंड्या' म्हणे. आमच्या आजीचे नाव असेच दगडावरून होते आणि तिला ते कधी कुणी पूर्ण उच्चारून हाक मारल्याचे आम्ही ऐकले नाही.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांतली नावे बदलली, ती काही फॅशन म्हणून नव्हे. बाबासाहेबांनी स्वतःच वाट दाखवली होती. दादरच्या घराला राजगृह, १९४६ च्या मुंबईतल्या महाविद्यालयाला सिद्धार्थ; तेव्हाच्या औरंगाबादला १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन. मग खेड्यापाड्यांत सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, आनंद, राहुल, सुजाता, विशाखा, संघमित्रा जन्माला आले. कुडाच्या घरात राजा मिलिंद रांगू लागला! पुढे सिनेमातला हिरो वर्षानुवर्षे राहुल झाला आणि दुसऱ्यांच्या घरीही राहुल दिसू लागले. आता 'बाहुबली'मुळे महेंद्र नावाच्या पोराला वर्गात सिनेमावरून चिडवतात. त्याने सांगावे की आमचा महेंद्र सम्राट अशोकाचा मुलगा, धम्म घेऊन सिंहलद्वीपाला गेलेला. भीम नावाच्या लेकरांचे तर विचारूच नका. २००८ पासून टीव्हीवर लाडू खाणारा 'छोटा भीम' आला आणि शाळेत सगळे त्यांच्याकडे लाडूच मागतात.

हे सगळे आज लिहायला बसलो त्याला कारण आमचा पुतण्या. तो चाकणला कंपनीत कामाला आहे. त्याला मुलगी झाली आणि तिचे नाव आर्या ठेवायचे असे त्याने फोनवर कळवले. आम्ही नेहमीप्रमाणे विचारले, "कशातलं?" तर म्हणाला, "काका, गेम ऑफ थ्रोन्स." खोलीवरच्या मुलांनी मिळून ती मालिका पाहिली होती. त्यातली आर्या ही सरदाराची मुलगी. तिला भरतकाम नको, कुणा मोठ्या घरची बायको होणे नको. ती तलवार शिकते आणि आपल्या पायांवर चालत सारा मुलूख पालथा घालते. पुतण्या म्हणाला, "माझी पोरगी अशी झाली पाहिजे." यात आम्हांला तरी नाही म्हणण्यासारखे काही दिसले नाही.

घरात थोरले मामा बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी ऐकले आणि काठी आपटली. "आरं, आर्य म्हंजे कोण ते म्हाईत हाय का त्याला? ज्यांच्याशी भांडण, त्यांचंच नाव लेकीला?"

मामांचा राग आम्हांला कळतो, पण त्यांचे म्हणणे पटले नाही. आर्य नावाची वेगळी वंशाची टोळी बाहेरून आली आणि तिने इथल्यांना जिंकून शूद्र केले, ही उपपत्ती बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात खोडून काढली आहे. आणि तथागतांनी तर हा शब्द कधीच जातीच्या हातून काढून घेतला. आपण रोज म्हणतो ती चार आर्यसत्ये कुणाची? आर्य अष्टांगिक मार्ग कुणाचा? धम्मपदाच्या अट्ठकथेत गोष्ट आहे. श्रावस्तीच्या उत्तर वेशीजवळ एक कोळी गळ टाकून मासे धरीत होता. तथागतांनी त्याला नाव विचारले. तो म्हणाला, माझे नाव आर्य. तथागतांनी त्याला समजावले की जिवांची हिंसा करणारा आर्य होत नाही. कुणाही प्राण्याला जो दुखवीत नाही तोच आर्य. म्हणजे आर्या हे नाव परक्या देशाच्या मालिकेतून आले तरी आपल्या घरी त्याची ओळख जुनी आहे. मामांना ही गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "कोळ्याचं तरी काय चुकलं, पोटासाठी मासे धरीत व्हता." यावर आम्हांला उत्तर सुचले नाही.

त्याच मालिकेतल्या दुसऱ्या नावाची गंमत मात्र सर्व आईबापांनी ऐकावी. त्यात एक ड्रॅगनवाली राणी आहे, गुलामांना मुक्त करणारी. तिला खलिसी म्हणतात. २०१८ या एका वर्षात अमेरिकेत पाचशेहून अधिक मुलींची नावे खलिसी ठेवली गेली. मुळात ते तिचे नावच नाही. मालिकेसाठी रचलेल्या एका भाषेतला टोळीप्रमुखाच्या बायकोसाठीचा तो शब्द आहे. म्हणजे आपल्याकडे मुलीचे नाव 'पाटलीण' ठेवण्यासारखेच. आणि मालिका संपायच्या आत नाव ठेवल्याने दुसरा घोटाळा झाला. २०१९ च्या शेवटच्या भागांत याच मुक्तिदात्या राणीने शरण आलेले अख्खे शहर जाळले. तेव्हा आमचे म्हणणे एवढेच, की गोष्टीतले नाव घ्यायचे तर गोष्ट संपलेली पाहून घ्यावे.

चार दिवसांनी पुतण्या गावी आला तेव्हा खरी गोष्ट बाहेर पडली. चाकणला त्याने खोली शोधली तेव्हा मालकाने नाव विचारले. पुतण्याचे नाव आपल्यातले, ऐकताच कळणारे. मग आडनाव विचारले, मग गाव. मग म्हणे खोली कालच दिली. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीची पाटी तशीच लटकत होती. तो म्हणाला, "काका, आर्या कुणाचीही असते. ते गाव जगात नाही, तो राजा जगात नाही, म्हणून त्या नावाला जातही नाही. निदान पहिली ओळख तरी तिची तिला सांगू द्या."

आम्ही बराच वेळ गप्प होतो. मामाही.

या मुलाला शाळामास्तरासारखे दोन शब्द सुनावणे सोपे होते. पण जी पाटी त्याने पाहिली ती आम्ही खोटी कशी म्हणावी? मात्र एक गोष्ट त्याला सांगणे भाग होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे मारले गेले. १९९३ मध्ये नांदेडलाच गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा साडेपंधरा वर्षे उलटली होती. ठराव झाला तेव्हा जालना हा वेगळा जिल्हाही नव्हता, औरंगाबादचाच भाग होता. तो १ मे १९८१ ला झाला. मामा त्या दिवसांत अंगावरच्या कपड्यानिशी गाव सोडून आले. एका नावासाठी ज्यांनी एवढे सोसले त्यांच्या पोरांनी नाव लपवण्यासाठी नाव शोधावे, हे मामांना लागले होते. काठी त्यासाठी आपटली होती. आर्य-अनार्य हे निमित्त.

नावात काय आहे, हे इंग्रजी नाटककाराचे वचन बाबासाहेबांनीही एका निबंधात घेतले आहे आणि नाव फार मोठी गोष्ट आहे असे उत्तर दिले आहे, कारण अस्पृश्य या नावातच सारी वागणूक भरलेली होती.

जातककथा दुसरीकडून सांगतात. नामसिद्धी जातकात तक्षशिलेचा एक विद्यार्थी आहे, नाव पापक. त्याला आपले नाव अशुभ वाटते. गुरू म्हणतात, हिंडून चांगले नाव शोधून आण. तो निघतो तर वाटेत प्रेत भेटते. मेलेल्याचे नाव जीवक. पुढे एका दासीला मजुरी आणली नाही म्हणून मार पडतो आहे. तिचे नाव धनपाली. रानात एक वाट चुकलेला भेटतो, तो पंथक. पापक परत येतो आणि म्हणतो, माझे आहे तेच राहू द्या. ही कथा पुतण्याच्या बायकोला फार आवडली. ती म्हणाली, "म्हणजे गोष्टीतली नावं आपल्याकडं पहिल्यापासून आहेत की!" बरोबर बोलली. जातकात हत्ती बोलतात, माकडे राजाला शहाणपण शिकवतात. कल्पनेच्या कथा आपल्याला परक्या नाहीत.

मग आम्ही भोकरदनची गोष्ट काढली. आपल्या जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी एवढ्या लांबच्या स्तूपाला दान पाठवले आणि आपले गाव दगडात कोरून घेतले. सांचीच्या लेखांत बुद्धरक्षित, धर्मरक्षित, संघरक्षित अशी नावे प्राकृतात जागोजाग दिसतात. मामांनी लगेच सुचवले, "धम्मरक्षिता ठेवा." पुतण्या म्हणाला, "मामा, फॉर्मच्या चौकटीत मावत नाही." सगळे हसले, मामाही.

मुलीच्या आईला तोवर कुणी विचारलेच नव्हते. आमच्या घरच्या बाईने ते लक्षात आणून दिले. ती म्हणाली, "आर्या मला चालेल, पण मालिकेतली म्हणून नाही. आणि कुणी विचारलं तर मी आर्यसत्यातली म्हणून सांगणार. खोलीवाल्यालाही." पुतण्या काही बोलला नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांत आईचे नाव बापाच्या आधी येते, तेही तिने त्याला ऐकवले.

जन्मदाखल्यावर नावाची जागा अजून कोरी आहे. वर्षाच्या आत नाव नोंदवले तर पैसे लागत नाहीत. पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदता येते. मामांनी येत्या पौर्णिमेचा दिवस सुचवला आहे. तेवढ्यात त्यांनी पुतण्याकडून मोबाइल मागून घेतला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ती तलवारवाली पोरगी दाव बरं."